पुढचा डावा खूर

त्या सप्टेंबरात पाऊस उघडायचं नाव घेईना. हॉलंडमधल्या झूटरमेर गावातल्या फ्लॅट्सची शेवटची रांग संपून जिथे कुरणं सुरू होतात, तिथली जमीन सैल भिजवलेल्या कणकेसारखी झाली होती. पाय टाकला की बुटाभोवती पाणी वर यायचं. कालवे काठोकाठ भरले होते. आन्केची मेंढरं त्या ओलीत रात्रंदिवस उभी असायची, आणि बघता बघता एकेक लंगडायला लागलं.

आन्के साठी ओलांडलेली, उंच, रुंद खांद्यांची बाई. नवरा गेल्यापासून चाळीसेक मेंढरं ती एकटीच बघायची. बुधवारी शाळा दुपारी लवकर सुटतात. त्या दुपारी जवळच्या जुन्या फ्लॅट्समधली सहा पोरं तिच्याकडे यायची. कुणाच्या बापाला काम नव्हतं, कुणाची आई पहाटेपासून ऑफिसं झाडायला जायची. मोठ्या सुट्टीत सगळा वर्ग समुद्रावर, डोंगरात जाऊन यायचा, तेव्हा ही पोरं जिन्यात बसून असायची. आन्के त्यांना गोठा झाडायला लावायची, पाण्याच्या बादल्या वाहायला लावायची आणि संध्याकाळी वाटाण्याचं दाट सूप पाजून घरी धाडायची.

तिच्या हाताखाली संहिता होती. सतरा वर्षांची. शाळेने प्रत्येकाला कुठेतरी सेवा करायला सांगितली होती म्हणून ती मार्चमध्ये इथे आली. शाळेचं काम महिनाभरातच भागलं, तरी ती यायची थांबली नाही. का जातेस, असं आई विचारायची तेव्हा ती खांदे उडवायची. "मला आवडतं, आई. दॅट्स इट."

आईला, सुरेखाला, आधी गंमत वाटली होती. "इथल्या गोऱ्या पोरांनाही लागतं का गं असं कुणी?"

"आई! गोरे म्हणजे काय सगळे रिच असतात?"

सुरेखाने हातातला दोरा दातांनी तोडला. वीस वर्षांपूर्वी नवऱ्यामागोमाग पुण्याहून ती इथे आली तेव्हा तसंच वाटलं होतं खरं. आता ती घरीच शिवणकाम करायची. भारतीय बायकांची ब्लाउजं आणि शेजाऱ्यांच्या पँटी तिच्याकडे यायच्या. पुढच्या आठवड्यात तिने संहिताकडून मोठ्या माणसांचे जुने ओव्हरऑल मागवून घेतले, स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरले आणि पोरांच्या मापाने कापायला घेतले. 

मग एका सकाळी आन्के फाटकापाशी घसरली आणि उजवं मनगट मोडून बसली.

"बुधवार बंद," ती संहिताला फोनवर म्हणाली. "मेंढरांचे पाय कुजतायत आणि मला सुरी धरता येत नाही. त्यात पोरं कुठे सांभाळू?"

"मी सांभाळते," संहिता म्हणाली.

"आणि पाय?"

"पाय पण."

फोन ठेवल्यावर तिने आईबाबांकडे पाहिलं. बाबा, म्हणजे रविकांत, एका बँकेचं सॉफ्टवेअर बघायचा; रविवारी दुपारी पोहे खाऊन आडवं व्हायचा त्याचा बेत होता. "चाळीस मेंढरं गुणिले चार पाय," तो म्हणाला. "तुला हिशोब कळतोय ना?"

"म्हणून तर तुम्ही दोघं येताय," संहिता म्हणाली.

त्या रविवारी तिघं चिखलात उभी होती. आन्के गळ्यात हात अडकवून पालथ्या बादलीवर बसली होती आणि डच भाषेत हुकूम सोडत होती. मेंढरू मागून धरायचं, मान वळवायची, मागचे पाय उचलायचे आणि त्याला ढुंगणावर बसवून पाठ आपल्या गुडघ्यांना टेकवायची. एकदा असं बसलं की ते बिचारं गप्प होतं, ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यासारखं. रविकांतने पहिलं धरलं ते त्यालाच घेऊन आडवं झालं. चष्मा चिखलात गेला. मेंढरू उठून निघून गेलं.

"कोपर वापर, कोपर!" आन्के ओरडली.

"काय म्हणतेय?"

"म्हणते छान करताय," सुरेखा चष्मा पुसत म्हणाली.

खूर कापायचं काम संहिताकडे आलं. बाकदार सुरीने वाढलेली कड काढायची, आत साचलेली घाण खरवडायची. कुजलेला भाग आला की असा वास सुटायचा, की डोळ्यांत पाणी यायचं. जास्त खोल गेलं तर रक्त, कमी गेलं तर सड तशीच राहते. पहिल्या दोन मेंढरांना रक्त आलं. संहिताने सुरी खाली केली.

"थांबू नकोस," आन्के म्हणाली. "थांबलीस तर उद्या हात लावणार नाहीस."

अंधार पडायच्या आत कळपाचा अर्धा भाग झाला. घरी जाताना गाडीत तिघांच्या अंगाला तो वास होता. रविकांतची कंबर धरली होती. तरी सिग्नलपाशी तो हसायला लागला. "आमच्या आईला सांगितलं ना, इतकं शिकवून मुलगा हॉलंडात मेंढरं धरतो, तर..."

"फोटो पाठवलाय मी त्यांना," सुरेखा म्हणाली.

बुधवारी पोरं आली. सगळ्यात पुढे रोमी. नऊ वर्षांची, पांढुरक्या केसांची, जॅकेटची बाही चावायची खोड असलेली. जिभेला धार. पहिल्या दिवशी तिने संहिताला विचारलं होतं, "तुला इथे यायचे पैसे मिळतात का?" नाही म्हटल्यावर, "मग तू येणं बंद करशील." संहिता मात्र येत राहिली. मार्चमध्ये एका मेंढीने तिळं घातलं आणि एकाला जवळ घेईना. ते कोकरू बाटलीवर वाढवायची पाळी आली तेव्हा बुधवारची बाटली रोमीने कुणाच्या हातात जाऊ दिली नाही. त्याचं नाव तिने बोन्त्ये ठेवलं. घेवड्याचा छोटा दाणा. सुरेखा त्याला बोंत्या म्हणायची. आता तो अंगाने भरलेला, हट्टी, रोमीच्या मागे मागे फिरणारा एडका झाला होता. तोही पुढच्या डाव्या पायाने लंगडत होता.

त्या दिवशी वारा असा होता, की पाऊस आडवा येत होता. संहिता एका म्हाताऱ्या मेंढीशी झटत होती. एक पोरगं गटारात पडून रडत होतं, दोघांची फावड्यावरून मारामारी लागली होती. रोमी शेजारी येऊन उभी राहिली.

"कोकरं न्यायला गाडी येणार आहे ना?"

"हं."

"बोन्त्ये त्यात नाहीये ना?"

"नाही गं," संहिता म्हणाली. मेंढी सुटत होती. "नाही, नाही. ते पाय धर जरा."

रोमीने पाय धरले. नंतर दुपारभर ती गाणं म्हणत होती. संहिताने तिला कधी गाताना ऐकलं नव्हतं.

पोरं गेल्यावर आन्केच्या स्वयंपाकघरात सुपाची भांडी घासताना तिने सहज विचारलं, "गाडी पुढच्या शनिवारी. कोणकोण जातंय?"

"सगळे नर," आन्के म्हणाली. "सहा."

"बोन्त्ये सोडून."

"बोन्त्येसकट. तो काय पिल्लं देणारेय? हिवाळ्यात माद्यांपुरतंच गवत आहे माझ्याकडे, तेही या पावसात सडतंय."

संहिताचे हात पाण्यात थांबले. "मी रोमीला सांगितलं, तो जाणार नाही म्हणून."

आन्के तिच्याकडे वळली. रागावली नाही. "कुणाच्या वतीने सांगितलंस?" तिने विचारलं. मग डाव्या हाताने अवघडून एक वाटी उचलून फडताळात ठेवली. "त्या पोरीला 'नाही' ऐकायची सवय आहे. ते ती पचवते. आधी 'हो' आणि मग 'नाही', हे तिच्याशी फार लोक करून गेलेत. आईसुद्धा."

रात्री जेवताना संहिता वरणभात नुसता कालवत बसली. शेवटी सगळं बाहेर आलं. रविकांत ऐकून घेऊन लगेच म्हणाला, "एवढंच ना? आपण विकत घेऊ तो."

"आणि ठेवू कुठे? बाल्कनीत?" सुरेखा म्हणाली.

"आन्केकडेच ठेवू. चाऱ्याचं आपण बघू."

संहिताचा चेहरा उजळला. तिने तिथल्या तिथे फोन लावला. आन्केचा आवाज टेबलापर्यंत ऐकू येत होता. "घ्या की. माझी ना नाही. मात्र बाकीच्या पाच जणांना तू सांगायचंस. प्रत्येकाने एकेक कोकरू वाढवलंय. रोमीचं का राहतं आणि त्यांचं का जातं, ते बुधवारी तूच सांग. तुझ्याकडे उत्तर असेल तर घेऊन टाक."

संहिताने फोन ठेवला. विकत घेण्याचं तिथेच राहिलं. रविकांतने तिच्या पानात न विचारता तूप वाढलं.

"मी का म्हटलं तसं?" ती म्हणाली. "मला माहीत पण नव्हतं. आय जस्ट... ती गप्प बसावी म्हणून म्हटलं."

"मीही म्हणते तसं," सुरेखा म्हणाली. "उद्या देते ब्लाउज, नक्की देते. बाई दारात उभी असते तेव्हा तेच सोपं पडतं." ती उठून ताटं उचलायला लागली. "बुधवारी सगळ्यांसमोर नको सांगूस तिला. घरी जाऊन सांग. मी येते. तिचा ओव्हरऑल झालाय, तोही देऊ."

सोमवारी दोघी गेल्या. लिफ्ट बंद होती. सहाव्या मजल्यावर रोमीच्या बापाने, मार्सेलने, दार उघडलं. गोदामात माल उचलता उचलता त्याच्या मणक्याची चकती सरकली होती. तो दाराची चौकट धरून उभा होता. आत दोनच खुर्च्या होत्या. त्याने त्या दोघींना दिल्या आणि स्वतः खिडकीला टेकला.

"बसा, बाई, बसा. मला उभंच बरं वाटतं," तो म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले. कॉफी आली, बशीत एकेक बिस्किट. सुरेखाने आपल्या अडखळत्या डचमध्ये कॉफी चांगली झाल्याचं दोनदा सांगितलं.

रोमीने ओव्हरऑल तिथेच चढवला. सुरेखाने बाह्या थोड्या लांब ठेवल्या होत्या, पुढच्या वर्षीही यावा म्हणून. रोमी हात लांब करून स्वतःकडे बघत होती. "खिसे पण आहेत," ती बापाला म्हणाली.

संहिताला वाटलं, आज नको. मग ती खुर्चीवरून उठून खाली जमिनीवर बसली, रोमीच्या उंचीला.

"रोमी, मी तुला चुकीचं सांगितलं. बोन्त्ये शनिवारी जाणार आहे."

"कुठे?"

"खाटकाकडे. सगळे नर जातात. मला माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना मी तुला नाही म्हणाले."

रोमीच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.  मग तिने ओव्हरऑलची बटणं काढायला घेतली. एकेक, वरपासून खाली. पाय बाहेर काढले. बाह्या आत दुमडून नीट घडी केली आणि ती सुरेखाच्या मांडीवर ठेवली.

"रोमी!" मार्सेल म्हणाला. "असं करतात का? बाईंनी शिवून आणलाय."

"असू दे," सुरेखा म्हणाली. "असू दे हो." मराठीतच बोलली, पण त्याला कळलं.

 खाली सायकलींपाशी आल्यावर संहिता भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. सुरेखाने पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. लहानपणी ताप आला की फिरवायची तसा.

"मी बुधवारी नाही जाणार, आई."

"बरं," सुरेखा म्हणाली. जरा वेळाने म्हणाली, "बाकीच्या पाचांना कोण सांगणार मग?"

बुधवारी पाऊस जरा कमी होता. पाच पोरं आली. रोमी नव्हती. संहिताने त्यांना सूप आधीच दिलं आणि गवताच्या गठ्ठ्यांवर बसवून सगळं सांगितलं. काही जणांना ठाऊक होतं. धाकटा साहिल रडला. त्याच्यापेक्षा मोठ्या एलिफने विचारलं, "त्यांना दुखतं का?"

नाही, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. "मला माहीत नाही," ती म्हणाली. "आन्केला विचारू या."

आन्केने सांगितलं, आधी बेशुद्ध करतात, मग. क्षणभर दुखत असेल. पोरांनी ऐकलं आणि उठून कामाला लागली. त्यांच्यापासून काही लपवावं लागलं नाही, याचं संहिताला नवल वाटलं.

नरांना वेगळ्या आवारात घेतलं. एकेकाला खुरांसाठी जस्ताच्या औषधाच्या पाण्यातून चालवायचं होतं. पाच झाले. बोन्त्ये आवारात येईना. तो फाटकाकडे तोंड करून, डावा पाय उचलून उभा होता.

तेवढ्यात बांधावरून दोघं येताना दिसली. मार्सेल अगदी हळू, दर थोड्या पावलांनी थांबत चालत होता. पुढे रोमी, तिच्या जुन्या जॅकेटमध्ये. तिने संहिताकडे पाहिलंच नाही. सरळ जाऊन बोन्त्येच्या मानेत हात घातले.

मार्सेल कुंपणाला टेकला. "घरी बसेना," तो म्हणाला.

संहिता सुरी घेऊन जवळ गेली. "त्याचा पाय बघायचाय."

"नको."

"रोमी..."

"लंगडणारं जनावर गाडीवाला घेत नाही," रोमी म्हणाली. बाही तोंडात होती, पण शब्द स्पष्ट होते. "आन्केनेच सांगितलं होतं वसंतात. पाय तसाच ठेव. मग तो राहील."

संहिताने आन्केकडे पाहिलं.  आन्के प्लास्टरमधला हात दुसऱ्या हातात घेऊन उभी राहिली. बाकीची पोरं बादल्या खाली ठेवून जवळ आली.

तसं करता आलं असतं. तो एकच पाय राहिला, असं सांगता आलं असतं. शनिवार टळला असता, रोमी पुन्हा बोलली असती. संहिताला ते इतकं हवंसं वाटलं, की तिने सुरी पाठीमागे घेतली.

"मग गाडी पुढच्या महिन्यात येईल," ती म्हणाली. "तोवर पाय आणखी सडेल."

"तो जाणारच आहे ना! मग कशाला कापायचा? शनिवारी तर मरणारेय. काय उपयोग?"

 संहिताने बोन्त्येकडे पाहिलं. तो उचललेला पाय टेकवायला जात होता आणि टेकताच परत उचलत होता.

"कारण त्याला आज दुखतंय," ती म्हणाली.

वाऱ्याने पत्रा वाजत होता. रोमीने बोन्त्येच्या मानेतून चेहरा काढला. डोळे लाल होते, नाक वाहत होतं. ती खाली वाकली आणि तो पाय हातात घेऊन बघायला लागली. नखाच्या फटीतून काळं पाणी येत होतं. वास आला तरी तिने तोंड फिरवलं नाही.

"तू कापशील तेव्हा डोकं मी धरणार," ती म्हणाली. "दुसरं कुणी नाही."

संहिताने त्याला मागून धरलं, मान वळवली, गुडघ्यांना टेकवून बसवलं. तो जड होता. मार्सेलने कुंपणाच्या आत पाऊल टाकलं, पण कमरेने त्याला जागीच थांबवलं. रोमी समोर चिखलात गुडघे टेकून बसली, त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून. संहिताने कड काढली. आतली घाण खरवडली. कवचाखाली बारीक, टोकदार खडा रुतून बसला होता, त्याच्याभोवती सगळं सडलं होतं. बोन्त्येने एकदाच झटका दिला. रोमीने आपलं कपाळ त्याच्या कपाळाला लावलं आणि काहीतरी पुटपुटत राहिली. काय ते कुणी विचारलं नाही.

खडा निघाला. थेंबभर रक्त आलं, मग स्वच्छ गुलाबी मांस दिसलं. औषधाच्या पाण्यातून तो रोमीच्या मागे मागे गेला.

जाताना रोमी संहिताला म्हणाली, "शनिवारी मी येणार नाही."

"बरं."

"तू असशील?"

"मी असेन."

गुरुवारी आणि शुक्रवारी शाळा सुटल्यावर संहिता सायकल मारत कुरणावर गेली आणि सहाही नरांना औषधाच्या पाण्यातून चालवून आली. शनिवारी सकाळी रविकांत तिला सोडायला आला आणि थांबला. कोकरांची गाडी मागे घेताना चाकं चिखलात रुतली, तेव्हा त्याने गोठ्यातल्या फळ्या आणून खाली सारल्या. गाडीवाला तरुण होता, घाईत होता. त्याने एकेकाला चालवून पाहिलं. बोन्त्येपाशी जरा थांबला, पुन्हा चालवायला सांगितलं आणि मान डोलावली. संहिताने बोन्त्येला स्वतः वर नेलं. तो सुरुवातीला अडला. तिने त्याच्या मानेखाली हात धरला आणि शेजारी उभी राहिली; ओढलं नाही. मग तो चढला. पाठीमागचं दार बंद झालं.

गाडी रस्त्याला लागेपर्यंत बापलेक फाटकापाशी उभे होते. "तू मोठी झालीस वगैरे म्हणणार नाही मी," रविकांत शेवटी म्हणाला. "पण मला जमलं नसतं हे."

"मला पण नव्हतं जमत, बाबा," ती म्हणाली. हे तिने अख्खं मराठीत म्हटलं.

पुढच्या बुधवारी पाऊस उघडला होता. कालव्यावर बदकं उतरली होती, आणि कुरणातल्या डबक्यांमध्ये कितीतरी दिवसांनी निळं आकाश दिसत होतं. सहाही पोरं आली. रोमी सगळ्यांत शेवटी. ती थोडा वेळ रिकाम्या आवारापाशी उभी राहिली, मग संहिता पाणी भरत होती तिथे आली.

"गेला?"

"गेला."

"कोणी नेला वर?"

"मी."

रोमी नळाच्या धारेकडे बघत राहिली. "लंगडत होता?"

अजिबात नाही, असं म्हणणं किती सोपं होतं. ती पोरगी तेच ऐकायला तिथे उभी होती.

"थोडा," संहिता म्हणाली.

"पाय टेकवत होता पण?"

"टेकवत होता. चारही."

रोमीने हे नीट ऐकून घेतलं, मनात कुठेतरी ठेवलं. मग तिने बादलीच्या कडीची एक बाजू धरली, संहिताने दुसरी, आणि पाणी हिंदकळवत दोघी माद्यांकडे चालू लागल्या.